क्वेंट

क्वेंट : इंग्रजी भाषेतील एक विशेषण. जुन्या वळणाची, आजच्या चालीरीतींशी न जुळणारी, पण त्या न जुळण्यामुळेच मनाला गोड वाटणारी वस्तू, वास्तू, प्रथा, भाषा वा व्यक्ती यांच्यासाठी ते योजिले जाते. गवताने शाकारलेले बसके घर, वळणे घेत जाणारी फरसबंद गल्ली, दुकानावरील जुन्या अक्षरवळणाची पाटी, एखाद्या वृद्ध गृहस्थाची अतिविनयशील संबोधने ही त्याची नेहमीची विशेष्ये होत. या विशेषणात कौतुक असते. परंतु ते बरोबरीच्या नात्याने केलेले कौतुक नसते. पाहणारा नव्या काळात उभा आहे आणि पाहिली जाणारी वस्तू मागे राहिलेली आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. सु. आठशे वर्षांच्या इतिहासात या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. प्रारंभी तो वस्तूच्या किंवा माणसाच्या अंगच्या जाणतेपणाचा वाचक होता. आज तो पाहणाऱ्याच्या दुराव्याचा वाचक आहे. हे स्थित्यंतर कसे घडले, यावरच त्याच्या आजच्या वापरातील बऱ्याचशा खाचाखोचा अवलंबून आहेत.

व्युत्पत्ती : लॅटिनमधील ‘कॉग्नोस्केरे’ म्हणजे जाणणे, ओळखणे. ‘कॉग्नितुस’ (जाणलेले) हे त्याचे धातुसाधित. त्यावरून प्राचीन फ्रेंचमध्ये ‘कोइंत’ हा शब्द सिद्ध झाला. मात्र तेथे त्याचा अर्थ ‘जाणलेला’ असा न राहता ‘जाणता’, म्हणजे जाणकार, चतुर, अनुभवी असा झाला. आणि जाणत्या माणसाची राहणीही नेटकी असते या समजुतीने की काय, ‘नीटनेटका, सुबक’ हाही अर्थ त्याला येऊन चिकटला. या दुसऱ्या अर्थाच्या वाढीस ‘कॉम्प्तुस’ (सजविलेला) या वेगळ्या लॅटिन शब्दाशी झालेली सरमिसळही कारणीभूत असावी, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत जे असंख्य फ्रेंच शब्द शिरले त्यांतलाच हा एक असून तेराव्या शतकाच्या प्रारंभापासून तो इंग्रजी लिखाणात आढळतो. ओळख करून देणे या अर्थाचे ‘अक्वेंट’ हे क्रियापद त्याचे सख्खे भावंड होय; त्याने मात्र मूळचा ओळखीचा अर्थ आजवर सोडलेला नाही.

‘कॉग्नोस्केरे’ या क्रियापदातील मूळ धातू इंडो-यूरोपीय असून संस्कृत ‘ज्ञा’, इंग्रजी ‘नो’ आणि मराठी ‘जाणणे’ ही त्याच कुळातील रूपे आहेत. तेव्हा ‘क्वेंट’ आणि मराठीतील ‘जाणता’ हे दूरचे भाऊबंद ठरतात. याच कुळातील ‘अन्कूथ’ या इंग्रजी शब्दाचा प्रवास तुलनेसाठी पाहण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ अज्ञात, अनोळखी. त्यावरून परका, चमत्कारिक आणि अखेर गावंढळ, असंस्कृत असे अर्थ त्याला येत गेले. एक शब्द जाणलेल्यापासून निघाला, दुसरा न जाणलेल्यापासून; पुढे दोघेही ‘अनोळखी’ या एकाच मुक्कामावर आले आणि तेथून एकाच्या वाट्याला लाड आले, दुसऱ्याच्या वाट्याला तिरस्कार. आज ‘चांगला’ या अर्थी सर्वत्र वापरला जाणारा ‘नाइस’ हा शब्द ‘नेस्कियुस’ म्हणजे अज्ञानी या लॅटिन शब्दापासून आला आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. अर्थांतराच्या व्यवहारात मूळच्या भांडवलाला फारशी किंमत नसते.

जुने अर्थ : मध्ययुगीन इंग्रजीत हे विशेषण माणसाला लावले तर चतुर, प्रसंगी धूर्त असा अर्थ होई, वस्तूला लावले तर ती बुद्धीने व कसबाने घडविलेली आहे, असे सुचविले जाई. जेफ्री चॉसर (सु. १३४३–१४००) याने द हाउस ऑफ फेम या काव्यात अद्भुत कोरीव कामाच्या वर्णनात हा शब्द योजिला आहे. द कँटरबरी टेल्समधील ‘द मिलर्स टेल’ या कथेत त्याने या शब्दाशी उच्चारसाम्य असलेल्या एका ग्राम्य शब्दावर श्लेषही साधला आहे. आजच्या वाचकाला तो टीपेवाचून कळत नाही.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत कसब, नजाकत व चातुर्य हे अर्थ जिवंत होते. मच अडू अबाउट नथिंग (सु. १५९८–९९) या नाटकात हीरो ही नववधू विवाहासाठी सजत असताना तिची परिचारिका मार्गरेट तिच्या वस्त्राची तुलना मिलानच्या डचेसच्या जरतारी झग्याशी करते आणि शिवणावळीच्या नजाकतीत हीरोचे वस्त्रच सरस असल्याचे सांगताना हे विशेषण वापरते. तेथे त्याचा अर्थ ‘जुन्या धर्तीचे’ असा मुळीच नाही. वस्त्र अगदी नव्या चालीचे व डौलदार आहे, हेच तिला म्हणावयाचे आहे. आजचा वाचक मात्र तेथे नकळत आजीच्या पेटीतला झगा डोळ्यांपुढे आणतो. द टेंपेस्ट (सु. १६११) या नाटकात प्रॉस्परो आपल्या एअरिएल या वायुरूप सेवकाला याच विशेषणाने संबोधतो. तेथेही चपळ, कल्पक, कामात तरबेज असाच आशय आहे. गोंडस असा नव्हे.

सुबकपणाची स्तुती फार झाली की तिच्यातून अतिसुबकपणाची निंदा निघते. सतराव्या शतकात ‘क्वेंट’ शब्दाचे तेच झाले. कष्टाने जुळविलेल्या कल्पना, गुंतागुंतीची उपमाने, नको तितकी कोरीव भाषा यांना तो लावला जाऊ लागला. सॅम्युएल जॉन्सनच्या कोशात (१७५५) वाजवीपेक्षा जास्त काटेकोर, सूक्ष्मपणे रचलेला, नखरेल अशा प्रकारचे अर्थ आढळतात; जुनेपणाच्या गोडव्याचा मागमूस तेथे नाही. मराठीत ‘शहाणा’ हा स्तुतिवाचक शब्द सूर बदलला की टोमणा होतो आणि ‘अतिशहाणा’, ‘दीडशहाणा’ यांत तर निंदाच उरते, तशीच ही उतरण होती. अठराव्या शतकात हा शब्द लिखाणातून बराचसा मागे पडला होता.

नवा अर्थ : अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९५ च्या सुमारास, हा शब्द नव्या अर्थाने पुन्हा दिसू लागतो : चमत्कारिक खरा, पण जुनेपणामुळे रम्य. शब्द स्वतःच तोवर जुना झाला होता आणि जुन्या शब्दाने जुन्या वस्तूचे वर्णन करण्यात काही वेगळी गोडी होती. एकोणिसाव्या शतकात या अर्थाने आधीच्या सर्व अर्थांना मागे सारले.

या बदलात वाङ्मयीन अभिरुचीचा वाटा मोठा आहे. चार्ल्स लँब (१७७५–१८३४) याला सतराव्या शतकातील गद्यकार विशेष प्रिय होते : ॲनाटमी ऑफ मेलँकली (१६२१) लिहिणारा रॉबर्ट बर्टन, नॉर्विचचा वैद्य सर टॉमस ब्राउन (१६०५–८२), मासेमारीवर द कंप्लीट अँग्लर (१६५३) हा ग्रंथ लिहिणारा आयझॅक वॉल्टन. ‘इलिया’ या टोपणनावाने लँबने लिहिलेल्या निबंधांत (ग्रंथरूपाने १८२३ व १८३३) या लेखकांच्या शब्दकळेचे वळण जाणूनबुजून उचलले आहे. त्याच्या शैलीला ‘क्वेंट’ म्हणण्याचा प्रघात समीक्षेत इतका रूढ झाला, की पुढे ब्राउन व बर्टन यांनाही तेच विशेषण लावले जाऊ लागले. वास्तविक ब्राउनची लॅटिनप्रचुर वाक्ये त्याच्या काळी विद्वत्तेची भाषा होती. मृत्यू, दफनविधी आणि विस्मरण यांवर तो गंभीरपणे लिहीत होता. त्याला गोड ठरविणे म्हणजे त्याच्या विचाराकडे न पाहता त्याच्या अंगरख्याकडे पाहणे होय. लँबची गोष्ट वेगळी. त्याचा जुनेपणा त्याने स्वतः निवडलेला होता.

मात्र केवळ वाङ्मयाने हा शब्द घरोघरी पोहोचला नसता. औद्योगिक क्रांतीने इंग्लंडमधील खेड्यांची माणसे शहरांत आणली. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधील नागरी लोकसंख्येने प्रथमच ग्रामीण लोकसंख्येला मागे टाकले. ज्याच्या आजोबांनी गाव सोडले, तो नातू आगगाडीचे तिकीट काढून तेच गाव पाहायला जाऊ लागला. अमेरिकन प्रवाशांचा अनुभव त्याच्या आधीचा व त्याच जातीचा होता. वॉशिंग्टन अर्व्हिंग (१७८३–१८५९) याने द स्केच बुक (१८१९–२०) मध्ये इंग्लंडमधील एका जमीनदाराच्या घरचा नाताळ रंगविला आहे. हा जमीनदार जुन्या ग्रंथांत शोधून शोधून लोप पावलेल्या प्रथा पुन्हा सुरू करतो. जुनेपण जपण्यासाठी ते आधी नव्याने घडवावे लागते, ही गोष्ट इतक्या लवकर नोंदली गेली हे विशेष होय.

१८७० नंतर ही रुची बाजारपेठेत उतरली. नॉर्मन शॉ (१८३१–१९१२) प्रभृती वास्तुकारांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या लाल विटांच्या घरांचे वळण पुन्हा आणले. लंडनच्या पश्चिमेस १८७५ पासून उभे राहिलेले बेडफर्ड पार्क हे उपनगर त्याचा ठळक नमुना होय. केट ग्रीनवे (१८४६–१९०१) हिच्या अंडर द विंडो (१८७९) या चित्रपुस्तकातील मुले सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या टोप्या व झगे घालून वावरतात. दुकाने व खाणावळी यांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ हे शब्द दिसू लागले, तेही याच लाटेत. त्यातील ‘यी’ हा शब्द इंग्रजीत कधी नव्हताच. ‘थ’ या ध्वनीसाठी जुन्या इंग्रजीत एक स्वतंत्र अक्षर होते. पुढे लेखनात त्याचा आकार ‘वाय’ या अक्षरासारखा होत गेला आणि मुद्रकांनीही त्याच्या जागी ‘वाय’चाच खिळा वापरला. पाटी रंगविणाऱ्याने खिळा पाहिला व उच्चार गमावला.

विल्यम मॉरिस (१८३४–९६) आणि त्याचे सहकारी यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेची भूमिका या लाटेपासून वेगळी ओळखली पाहिजे. जुनी इमारत दुरुस्त करावी, पण तिला कल्पनेने ‘पूर्ववत’ करू नये, असा तिचा आग्रह होता. इमारतीवरील काळाच्या खुणा हा तिच्या दृष्टीने पुरावा होता, शोभा नव्हे.

‘क्वेंट’ म्हटल्याबरोबर ज्या स्थळांचे नाव निघते त्यांत डेव्हन परगण्यातील क्लोव्हेली हे मासेमारी गाव अग्रगण्य आहे. त्याची एकमेव मुख्य गल्ली कड्यावरून थेट बंदरापर्यंत उतरते. ती इतकी उभी आहे, की तिच्यावरून वाहन जाऊ शकत नाही. माल पूर्वी गाढवांवरून नेत. आजही तो घसरगाड्यांवर लादून नेतात. चार्ल्स किंग्झली (१८१९–७५) याच्या वेस्टवर्ड हो! (१८५५) या कादंबरीने गाव प्रसिद्ध केले आणि प्रवाशांचा ओघ सुरू झाला. १८८४ ते १९३६ या काळात गावाची मालकीण असलेल्या क्रिस्टीन हॅम्लिन हिने घरांची डागडुजी केली. अनेक घरांवर तिची आद्याक्षरे व दुरुस्तीचे साल कोरलेले दिसते. गावात प्रवेश करण्यासाठी पाहुण्यांना आज शुल्क द्यावे लागते. फरसबंदी आणि घसरगाडी ही क्लोव्हेलीची गरज होती, हौस नव्हती. हेरिंग मासळीची टोपली घेऊन ती चढण चढणाऱ्या बाईला ती कशी वाटत असेल, हे विशेषणातून कळत नाही. इंग्लंडच्या चित्रांतील वेलींनी मढलेल्या शेतमजुरांच्या घरांबाबतही असेच म्हणावे लागते. त्यांतील ओल, धूर आणि एकाच खोलीत निजणारी सहा-सात माणसे चौकटीबाहेर राहिली.

वापराचे नियम : कोश अर्थ देतो, वापराच्या अटी मात्र प्रयोग पाहूनच कळतात. नुसते जुनेपण पुरत नाही. ईजिप्तमधील पिरॅमिड वा वेरूळचे कैलास लेणे यांना हे विशेषण कोणी लावीत नाही, कारण ती पाहणाऱ्याला लहान करून टाकतात. ‘क्वेंट’ वस्तू आटोपशीर असावी लागते. ती पडकी असूनही चालत नाही. पडक्या बुरुजासाठी, खडकाळ दरीसाठी विल्यम गिल्पिन (१७२४–१८०४) व युव्हडेल प्राइस (१७४७–१८२९) यांनी प्रचारात आणलेली ‘पिक्चरेस्क’ ही वेगळी संज्ञा आहे. ‘क्वेंट’ वस्तू बहुधा धडधाकट व वापरात असते. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे तिच्यापासून पाहणाऱ्याला धोका नसावा. एखादी रूढी सत्ता गाजवीत असेल, कुणाला जाच करीत असेल, तोवर जाच सोसणारा तिला हे विशेषण लावणार नाही. ती निर्बल झाली की लावले जाईल. न्यायाधीशाचा केसांचा टोप प्रेक्षकाला असा वाटू शकतो, आरोपीला क्वचितच. प्रथमपुरुषी वापर तर जवळजवळ अशक्यच आहे. ‘माझे घर क्वेंट आहे’ असे म्हणणारा एक तर घर भाड्याने देत असतो किंवा स्वतःकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. मत, कल्पना, समजूत यांना हे विशेषण लावल्यास ते उपरोधिक होते : प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून न काढता त्याला कालच्या जगात बसविले जाते.

देश व सत्ता : हीच गोष्ट व्यक्तींवरून राष्ट्रांवर गेली, तेव्हा तिचे परिणाम अधिक गंभीर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानविषयीच्या इंग्रजी लिखाणात हे विशेषण पानोपानी आढळते. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या द मिकाडो (१८८५) या विनोदी संगीतिकेच्या पहिल्याच समूहगीतात जपानी सरदार स्वतःची ओळख फुलदाण्यांवरील चित्रे अशी करून देतात आणि स्वतःच्या पवित्र्याला हेच विशेषण लावतात. वरील नियमाप्रमाणे असे फक्त परक्याने लिहिलेले पात्रच बोलू शकते. १९०७ मध्ये जपानी राजपुत्र फुशिमी लंडनला आले असता या संगीतिकेच्या प्रयोगांवर काही काळ बंदी घालावी लागली.

त्याआधीची एक हकिकत बॅसिल हॉल चेंबरलिन (१८५०–१९३५) या जपानतज्ज्ञाने थिंग्ज जॅपनीज या ग्रंथात नोंदली आहे. द लाइट ऑफ एशिया (१८७९) या बुद्धचरित्रपर काव्याचा कर्ता सर एडविन आर्नल्ड (१८३२–१९०४) १८८९ मध्ये जपानला गेला. महाराष्ट्राला हा गृहस्थ अपरिचित नाही. १८६१ पर्यंत काही वर्षे तो पुण्यातील सरकारी महाविद्यालयाचा, म्हणजेच पुढील डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य होता. त्याने एका मेजवानीत जपानच्या सृष्टिसौंदर्याची, कलेची व लोकांच्या गोड स्वभावाची मुक्तकंठाने स्तुती केली. दुसऱ्या दिवशी एका जपानी वृत्तपत्राने ती मान्य केली, पण नाराजीही व्यक्त केली : आमचे उद्योगधंदे, व्यापार, लष्करी सामर्थ्य यांविषयी पाहुण्यांना काहीच कसे सांगावेसे वाटले नाही? या नाराजीला कारण होते. पाश्चात्त्य राष्ट्रांनी लादलेले विषम तह बदलून घेण्याची जपानची खटपट त्या वेळी चालू होती; ब्रिटनशी तसा नवा तह १८९४ मध्ये झाला व १८९९ मध्ये अंमलात आला. जो देश करारात बरोबरीचे स्थान मागत होता, त्याला रम्य ठरणे परवडणारे नव्हते.

हिंदुस्थानातही याच वृत्तीचा एक प्रसंग घडला, जरी त्यात हा शब्द नेमका उच्चारला गेला होता असे नव्हे. बेळगाव येथे जन्मलेला आणि मुंबईत दीर्घकाळ वैद्यक व वस्तुसंग्रहालयाच्या क्षेत्रांत काम केलेला सर जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७) हा भारतीय हस्तव्यवसायांचा मोठा चाहता. द इंडस्ट्रिअल आर्ट्स ऑफ इंडिया (१८८०) हा त्याचा ग्रंथ खेड्यातील कुंभार, विणकर, तांबट यांच्याविषयीच्या जिव्हाळ्याने भरलेला आहे. परंतु भारतात ललितकला आहे काय, असा प्रश्न १९१० मध्ये लंडनमधील एका सभेत निघाला, तेव्हा त्याने ते नाकारले आणि ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना चरबीच्या उकडलेल्या पुडिंगशी केली. विल्यम रोथेन्स्टाइन प्रभृती तेरा कलावंत व समीक्षकांनी द टाइम्समध्ये निषेधपत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटीची स्थापना झाली. घागरीवर माया करणाऱ्यालाच मूर्तीची थोरवी दिसू नये, हा योगायोग म्हणता येत नाही. लहान व निरुपद्रवी गोष्टींवर जडलेले प्रेम मोठी गोष्ट समोर आली की अडखळते.

या विशेषणाचा अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेला प्रयोग राजकीय आहे. अफगाणिस्तानातील युद्धात पकडलेल्या कैद्यांना जिनीव्हा करार लागू होतात काय, यासंबंधी अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी तयार केलेले २५ जानेवारी २००२ चे एक टिपण अध्यक्षांचे विधी सल्लागार आल्बेर्तो गोन्झालेस यांच्या नावाने २००४ मध्ये प्रसिद्धीस आले. नव्या प्रकारच्या युद्धामुळे कैद्यांच्या चौकशीवरील कडक मर्यादा कालबाह्य होतात आणि काही तरतुदी ‘क्वेंट’ ठरतात, असे त्यात म्हटले होते. २००५ मध्ये गोन्झालेस यांची महान्यायवादीपदासाठी सिनेटसमोर सुनावणी झाली, तेव्हा या शब्दावर बराच वाद झाला. टीकाकारांनी पुष्कळदा असे मांडले, की संपूर्ण करारालाच हे विशेषण लावले गेले. टिपणात ते कैद्यांसाठीचे दुकान, आगाऊ वेतन, खेळाचे गणवेश, शास्त्रीय उपकरणे अशा तरतुदींपुरते होते. परंतु त्यामुळे शब्दाचे काम निरुपद्रवी ठरत नाही. खेळाच्या गणवेशावर हसू आले, की शेजारच्याच वाक्यातील चौकशीच्या मर्यादाही त्याच अडगळीतल्या वाटू लागतात. छळापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याजवळ हा शब्द आला, तेव्हा त्याच्या अंगची सौम्य तुच्छता प्रथमच सर्वांना स्पष्ट दिसली.

मराठीतील पर्याय : या विशेषणाला मराठीत एकशब्दी पर्याय नाही. ‘जुना’ (संस्कृत ‘जूर्ण’ वा ‘जीर्ण’) हा तटस्थ शब्द आहे. ‘जुनाट’ यात कंटाळा आहे. रोग व भांडणे जुनाट असतात. ‘घरंदाज’ व ‘खानदानी’ हे शब्द कुळाकडे, तर ‘सोज्ज्वळ’ हा शीलाकडे बोट दाखवितो. ‘जुन्या वळणाचा’ हा शब्दप्रयोग सर्वांत जवळचा, पण त्यातील आदर इंग्रजी शब्दात नाही.

अर्थांतराच्या दृष्टीने अधिक उद्बोधक शब्द म्हणजे ‘विचित्र’. संस्कृतात त्याचा अर्थ नाना रंगांचा, सुंदर, आश्चर्यकारक असा आहे. महाभारतातील विचित्रवीर्य या राजाच्या नावात निंदा नाही. मराठीत आल्यावर तो ‘तऱ्हेवाईक’ या अर्थावर येऊन थांबला. जुना अर्थ ‘चित्रविचित्र’ या जोडशब्दात काय तो टिकून आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात काव्यानंदाचा वाचक असलेल्या ‘चमत्कार’ शब्दापासून साधलेल्या ‘चमत्कारिक’ या विशेषणाचीही गत तीच. म्हणजे कोरीवकडून विक्षिप्तकडे जाण्याचा अर्धा रस्ता इंग्रजी व मराठी शब्दांनी सारखाच कापला. विक्षिप्ताकडून रम्याकडे जाणारा पुढचा अर्धा मात्र मराठी शब्दांनी घेतला नाही.

त्याचे कारण मराठीत जुन्याची गोडी नाही, असे नव्हे. ती वेगळ्या जागी आहे. ‘जुनेर’ या शब्दात वापरून मऊ झालेल्या लुगड्याचा स्पर्श आहे. त्याचीच पुढे गोधडी होते. ‘मुरलेला’ हे लोणच्याचे विशेषण अनुभवी माणसाला लावले जाते आणि त्यात चॉसरकालीन जाणतेपणाचा अर्थ जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. जुन्या वाड्याची स्तुती करताना मराठी माणूस तो ‘नांदता’ होता, ‘भरलेला’ होता असे म्हणतो. दिंडी दरवाजा, चौक, ओटी, माजघर यांच्या दिसण्यापेक्षा तेथे किती पाने उठत याची आठवण त्यात अधिक असते. ही स्तुती आतून केलेली आहे. इंग्रजी विशेषण रस्त्यावरून केलेले आहे. माणसांच्या बाबतीत ‘वल्ली’ हे नाम काही अंशी ‘क्वेंट’चे काम करते. परंतु पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ती आणि वल्ली (१९६२) मधील रत्नागिरीचा अंतू बर्वा हा पाहुण्याने कौतुकाने पाहावा असा निरुपद्रवी म्हातारा नाही. तो उलट पाहुण्यालाच निरखतो आणि त्याचे तिरके बोलणे त्या कौतुकाला जागा देत नाही.

इंग्रजी पर्यटनसाहित्यात आज हे विशेषण पणजीच्या फोंताइन्हास वस्तीला आणि मुंबईच्या जुन्या इराणी उपाहारगृहांना हटकून लावले जाते. धोबी तलावाजवळील कयानी (१९०४) सारख्या ठिकाणची संगमरवरी मेजे, बाक दिलेल्या लाकडाच्या खुर्च्या व काचेच्या बरण्या या त्या काळच्या साध्या सोयी होत. मराठीत या जागांना नुसते ‘इराणी’ म्हणतात आणि ‘इराण्याकडे बसलो होतो’ एवढे वाक्य पुरते. त्यांतील अनेक बंद पडू लागल्यावरच त्यांच्याभोवती विशेषणे जमू लागली.

भाषांतरकाराला या शब्दाचे एकच ठरावीक प्रतिरूप वापरता येत नाही. हीरोच्या वस्त्राला ‘डौलदार’, एअरिएलला ‘चतुर’, लँबच्या शैलीला ‘जुन्या वळणाची’ म्हणावे लागते. क्लोव्हेलीच्या गल्लीला ‘जुनी आणि गमतीदार’ अशी दोन विशेषणे लागतात. २००२ च्या टिपणात ‘कालबाह्य’ हा शब्द चालत नाही, कारण त्याच वाक्यात त्या अर्थाचा वेगळा इंग्रजी शब्द आलेला आहे. तेथे ‘हास्यास्पद’ फार कठोर होतो आणि ‘मजेशीर’ फार हलका. ‘जुन्या काळची मौज’ असे काहीसे म्हणावे, तर युद्धकैद्यांविषयीच्या कागदात मौज हा शब्द वाचणाऱ्याला खटकतो आणि मूळ इंग्रजी वाक्यातही तो तसाच खटकायला हवा होता.